परक्यांच्या मृतांपुढे

मुंबईच्या कोटात हॉर्निमन सर्कलजवळ सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. १७१८ च्या नाताळात ते उघडले. चर्चगेट हे नाव त्याच्याचमुळे पडले. कोटाची ती वेस केव्हाच गेली, नाव मात्र लोकलगाड्यांवर फिरते आहे! दिवाळीच्या खरेदीतून सवड काढून मी आत गेलो.

वहाणा काढाव्यात की नाही, येथेच घोटाळलो. कोणीच काढीत नव्हते. भिंतीभर संगमरवरी स्मारके: गव्हर्नर, कप्तान, ऐन तारुण्यात गेलेली पोरे. काशी व काठेवाडातली बालहत्या थांबविण्यासाठी झटलेल्या गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या (मृत्यू १८११) स्मारकापुढे मान आपोआप लवली. पुढे एका तरुण कप्तानाशी मात्र ती अडली.

कारण मी चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. आमच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके फासावर गेले, तेही पंचविशीतच. त्यांना फाशी देणाऱ्यांच्याच गोतातला हा पोरगा. याच्यासाठी हळहळणे ही बाबुरावांशी बेइमानी नव्हे काय? वर्गात मुलांना काय सांगू?

परंतु ती शिळा कोणाच्या तरी शोकाने बसविलेली होती. मी हळहळलो, मान मात्र लवविली नाही. हळहळणे निराळे आणि मान देणे निराळे, एवढी फोड मला तेथे करता आली. मास्तरकीची ही जुनी खोड! ती फोड कितपत खरी, कोण जाणे.

बाहेर सौभाग्यवती पिशव्या घेऊन ताटकळत होती. म्हणाली, “अहो, पणत्या घ्यायच्या राहिल्या ना!”