फुलांचा काय उपयोग?



पावसाचा जोर ओसरला आहे. चर्चच्या आवारातील बागेत तेरड्याचा बहर संपत आला असून झेंडू भरला आहे. मिस्सा संपल्यावर आपल्यापैकी अनेक जण तिथे घटकाभर थांबतात. लहान मुले फुलपाखरांमागे धावतात.

ही बाग काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत, म्हणजे गाड्यांना जागा होईल, अशी एक सूचना आली आहे. ती तळमळीने केलेली आहे. वयस्कर माणसांना रस्त्यापलीकडून चालत यावे लागते, हे आपण दर रविवारी पाहतो. बोलता बोलता एक प्रश्नही निघाला : फुलांचा उपयोग तरी काय?

खरे तर वसईत हा प्रश्न पडू नये. मोगरा, सोनचाफा आणि तगरीवर आपल्याकडील कितीतरी घरे चालली. पहाटेच्या गाडीने फुले दादरला जात. पण त्यातलीच ओंजळभर फुले पवित्र मरियेच्या वेदीसाठी बाजूला ठेवली जात. त्या ओंजळीचे पैसे होत नव्हते. तरीही ती वाया गेली, असे कोणी म्हटले नाही.

संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी 'वापरणे' आणि 'रमणे' यांत भेद केला आहे. काही गोष्टी आपण दुसऱ्या कशासाठी तरी वापरतो. जिथे मनाला विसावा मिळतो, तिथे आपण रमतो. खरा विसावा मात्र केवळ परमेश्वरात आहे, असे ते सांगतात. मग बागेत रमणे चूक का? आम्हाला तसे वाटत नाही. कारण फूल आपल्याला स्वतःत अडकू देत नाही. सकाळी उमललेले जास्वंद संध्याकाळी कोमेजते. ते साठवून ठेवता येत नाही. मनात उरते ती कृतज्ञता, आणि ती देणाऱ्याकडे वळते. प्रभू येशूने रानातल्या फुलांकडे पाहायला सांगितले, तेव्हा ती आज आहेत आणि उद्या नाहीत, हेही त्याने सांगितले.

परंतु नुसते रमून भागत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. आपल्या बागेचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. खुरपे हाती धरणारे दोघे-तिघेच. दुसऱ्याने घाम गाळायचा आणि आपण आनंद घ्यायचा, याला राखण म्हणता येणार नाही. राखणाऱ्यालाही एक मोह असतो : बाग माझीच, असे त्याला वाटू लागते आणि तो मुलांवर खेकसतो. असिसीच्या संत फ्रान्सिसने मठाच्या बागेचा काही भाग न नांगरता ठेवायला सांगितले होते, म्हणजे रानफुलांना तिथे आपसूक उगवता यावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याची आठवण करून दिली. बाग आपल्या हाती सोपवलेली आहे. ती आपल्या मालकीची नाही.

निर्णय पॅरिश कौन्सिल घेईल. मात्र बाग ठेवायची असेल, तर तिची किंमत वृद्धांनी मोजू नये. आवारातील जागा त्यांच्या गाड्यांसाठी सोडून, ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी आपल्या गाड्या दूर लावाव्यात आणि चालत यावे. एवढे आपल्याकडून होणार नसेल, तर फुलांवरचे आपले प्रेम फार स्वस्तातले आहे, असेच म्हणावे लागेल.

सध्या पावसाने माती घट्ट बसली आहे, तण माजले आहे आणि झाडांची आळी मोडली आहेत. ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी करायची आहे. आज निष्ठूर वाटणाऱ्या त्या छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने, आगमनकाळाच्या सुमारास, फुले येतील. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही बागेत असू. घरी खुरपे असेल तर घेऊन या. मुलांनाही आणा.