बुद्धी : ३

'फॉलआउट' या १९९७ सालच्या गेममध्ये गोष्ट सुरू होण्याआधी आपला माणूस आपणच घडवायचा असतो. ताकद, नजर, चपळाई असे सात गुण, प्रत्येकाला १ ते १० यातला एक आकडा. त्यातला एक गुण बुद्धीचा. बहुतेक जण तो वाढवून ठेवतात, कारण बुद्धी जास्त तर पुढे कौशल्याचे पॉइंटही जास्त. मी एकदा मुद्दाम ३ वर ठेवला आणि गेम दुसराच झाला. समोरचा माणूस काहीतरी विचारतो आणि माझ्याकडे उत्तराला 'हं' नाहीतर 'अं'. मग तो नाद सोडून देतो. बरीचशी कामं मला कुणी सांगतच नाही.

अडचण अशी की मी हा गेम आधी खेळलोय. तळघरातल्या लोकांना वाचवणारी पाण्याची चिप कुठल्या शहरात आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या पात्राला नाही. त्याला मी सरळ तिकडे चालवत नेलं, तर ती निवड कुणाची? काही जण याला चीटिंग म्हणतात. मला तो शब्द हलका वाटतो. पर्याय दिसलाच नाही त्याला दोष देता येत नाही, हे आपण मान्य करतो. मग पात्राच्या हातून कुणी मेलं, तर हिशोब माझ्या नावावर लागतो. मला दिसत होतं.

२०१० च्या 'फॉलआउट : न्यू व्हेगास'मध्ये निदान कुलूप दिसतं. संवादाशेजारी लिहिलेलं असतं की इथे अमुक कौशल्य इतकं लागतं, तुमचं इतकंच आहे. पहिल्या 'फॉलआउट'मध्ये ती ओळच नसते. दार होतं हेही कळत नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात असली दारं पुष्कळ. पीक विम्याचंच घ्या. गारपिटीनं किंवा शेतात पाणी साचून पीक गेलं, तर ७२ तासांत कळवायचं, असा या योजनेतला नियम होता. ज्याला तो माहीत नव्हता, त्याच्या स्क्रीनवर 'कळवा' हा पर्याय उमटतच नसे. चौथ्या दिवशी पारावर लोक म्हणायचे, ''अक्कल कुठं गेली होती तुझी?'' अक्कल जागेवरच होती, माहिती नव्हती. गेम हा फरक करत नाही, आणि खरं सांगायचं तर पारही करत नाही. शाळेत तर एका अक्षरात काम व्हायचं : ढ. एकदा चिकटलं की सर त्या पोराला प्रश्न विचारायचेच बंद. म्हणजे बुद्धी ३, दहावीपर्यंत.

बुद्धीचा आकडा सुरुवातीलाच ठरवून टाकायचा, ही कल्पनाच मला खटकते. तेर आमच्याच जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं गाव. संत जमले असताना मुक्ताबाईनं गोरोबांना विचारलं, यातली पक्की मडकी किती नि कच्ची किती? गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थापटलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. आता नामदेव काही मंद नव्हते; विठ्ठलाशी बोलणारा माणूस तो. पण थापटण्यानं हुशारी मोजली नव्हती, अहंकार मोजला होता. आणि तो आकडा कायमचा नव्हता. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, भाजून पक्के झाले. मडक्याला भट्टी असते, हे कुंभाराला माहीत असणारच.

गेम लिहिणाऱ्यांनी मात्र कमी बुद्धीचा उपयोग बहुतेकदा हसण्यासाठी केला. २००१ च्या 'आर्केनम'मध्ये तर मंद पात्राची डायरीसुद्धा तसल्याच मोडक्या भाषेत लिहिली जाते. मीही हसलो. पण हसणारा मी बाहेर बसलेला, आणि डायरी त्याची स्वतःची. आपल्या मनाशी बोलताना तरी माणूस स्वतःला मोडका ऐकू येत असेल का?

'फॉलआउट २'मध्ये, १९९८ साली, कुणीतरी हा विचार केला होता. क्लॅमथ गावात टॉर नावाचा गुरं राखणारा आहे, गावानं मंद ठरवलेला. तुमचं पात्रही कमी बुद्धीचं असेल, तर ते दोघं एकमेकांशी घरंदाज, नेमक्या, पल्लेदार वाक्यांत बोलतात. बुद्धी ९ घेऊन खेळणाऱ्याला ती वाक्यं दिसत नाहीत. त्याला टॉर तोतरा, अडखळतच भेटतो.