डोली खाली येते तेव्हा

केदारनाथला निघालेल्या माणसाला गौरीकुंडात पहिली हाक येते ती खेचरवाल्याची. "माताजी, घोडा?" पुढे सोळा-सतरा किलोमीटरचा चढ. वाट ओली, लिदीने निसरडी, आणि मागून घुंगरांचा आवाज आला की डोंगराच्या अंगाला सरकायचं, दरीच्या नाही. वाटेत पूर्वी रामबाडा लागायचं. चहा, पराठे, टेकायला बाकडं. २०१३ च्या जूनमधल्या पुरात ते वाहून गेलं. आता वाट मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या अंगाने चढते. वर देवळामागे तो प्रचंड धोंडा आहे, ज्याने लोंढा दुभंगला. लोक त्यालाही हात जोडतात. जोडणारच!

साडेतीन हजार मीटरच्या वर दम लागतो, डोकं जड होतं. तरी आपण घड्याळ लावून पळतो. सकाळी वर, संध्याकाळी खाली, मध्ये फोटो. मला हे काही पटत नाही. तिथला देवसुद्धा हवामानाशी हट्ट करत नाही. भाऊबीजेला देवळाचं कपाट, म्हणजे दार, बंद होतं, उत्सवमूर्तीची डोली मुक्काम करत करत खाली उखीमठला येते आणि हिवाळाभर पूजा तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात होते. कपाट पुन्हा कधी उघडायचं, तेही महाशिवरात्रीला तिथेच ठरतं.

उखीमठला गाडी जाते. घरात गुडघे दुखणारी आजी असेल, तर थंडीत तिला तिकडे न्या. सोबत कानटोपी आणि जाड मोजे मात्र हवेतच.