उभी गाडी आणि न केलेले कर्म

महिनाभर जागेवर उभ्या असलेल्या गाडीत बसून किल्ली फिरवली की काय होते, हे अनेकांना ठाऊक आहे. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, बोनेटखालून टक-टक असा सुका आवाज येतो आणि सेल्फ काही इंजिन फिरवत नाही. बॅटरी उतरलेली असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारात गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या, तेव्हा हा अनुभव घरोघरी आला. अशा वेळी तोंडून सहज निघणारे वाक्य एकच असते : मी तर काहीच केले नाही, गाडी नुसती उभी होती. हे वाक्य बचावासाठी असते आणि ते प्रामाणिकही असते. पण धर्मविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न त्यात आहे. जे केलेच नाही, त्याचा दोष माणसाला लागतो का? लागत असेल तर कसा?

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत माणसाच्या पतनाची तीन कारणे सांगितली आहेत : सांगितलेले न करणे, निंदिलेले करणे आणि इंद्रियांना आवर न घालणे. न करणे या यादीत पहिले आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मीमांसकांच्या परंपरेत संध्येसारखे नित्यकर्म टाळले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो असे सर्रास मानले गेले. शंकराचार्यांनी यावर नेमके बोट ठेवले. न करणे हा अभाव आहे, दोष ही घडणारी गोष्ट आहे, आणि जे नाहीच त्यातून जे आहे ते कसे निपजेल? तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्यात ते म्हणतात की कर्म न करणे हे दोषाचे कारण नव्हे. आधीच साठलेल्या पापाची ती खूण आहे. हा युक्तिवाद वरवर बघता आळशी माणसाच्या सोयीचा दिसतो. तसा तो मुळीच नाही, आणि ते नीट कळायला उतरलेल्या बॅटरीइतके स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

गाडीची नेहमीची बॅटरी शिशाची असते. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तिचा पहिला नमुना केला आणि तिची मूळ रचना आजही तीच आहे. सहा कप्पे, प्रत्येकात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, त्या बुडालेल्या पातळ गंधकाम्लात. पूर्ण भरलेली बॅटरी विसावलेल्या अवस्थेत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी झालेली असते, आणि १२ च्या खाली गेली की तिच्याकडून फारशी आशा नसते. आता किल्ली काढून, दारे लावून माणूस निघून गेला तरी गाडी झोपत नाही. घड्याळ चालू असते, चोरीचा अलार्म जागा असतो, किल्लीच्या रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर आणि इंजिनचा संगणक थोडी थोडी वीज घेत राहतात. हा ओढा ३० मिलिअँपिअर धरला, आणि बहुतेक गाड्यांत तो याच्याच आसपास असतो, तर महिन्याला २१ अँपिअर-तासांहून जास्त वीज जाते. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे कोणी बोटही न लावता निम्म्याहून अधिक साठा संपला. शिवाय बॅटरी आतल्या आतही थोडी उतरत असते आणि उन्हाळ्यात हा वेग वाढतो. यापेक्षा गंभीर गोष्ट पट्ट्यांवर घडते. वीज खर्च होताना पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण धरतात. बॅटरी लवकर चार्ज झाली तर ते पुन्हा विरघळतात. ती अर्धी रिकामी तशीच पडून राहिली, तर हेच कण हळूहळू मोठे आणि कडक होतात, पट्टीचा तेवढा भाग झाकून टाकतात आणि मग साध्या चार्जिंगला दाद देत नाहीत.

हे पाहिल्यावर शंकराचार्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. बॅटरी 'न चालवण्याने' मेली नाही. अभावाने तिला मारले नाही. तिला मारले त्या क्षणोक्षणी चालू असलेल्या ओढ्याने, आम्लाने, उष्णतेने, कडक होत गेलेल्या सल्फेटने. या सगळ्या भावरूप, घडणाऱ्या गोष्टी आहेत. गाडी न चालवणे ही फक्त त्यांची खूण होती. पण मग दोष कोणाचाच नाही, असे म्हणायचे का? इथे मी थांबतो आणि मीमांसकांकडे वळतो, कारण त्यांच्याजवळ अधिकाराची कल्पना आहे. प्रत्येक कर्माला त्याचा अधिकारी असतो, आणि ते टाळल्याचा प्रश्न फक्त त्याच्याच बाबतीत उभा राहतो. गाडी शेजाऱ्यानेही चालवली नाही, वॉचमननेही चालवली नाही, लाखो लोकांनी चालवली नाही. न करणे हेच कारण असते तर हे सगळे सारखेच दोषी ठरले असते. तसे कोणी मानत नाही. दोष मालकाकडे येतो, कारण झीज आधीपासून चालू होती, ती थोपवण्याचे स्थान त्याचे होते आणि हे त्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते. म्हणजे कार्यकारणभाव एका ठिकाणी आहे आणि जबाबदारी दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकाच जागी सापडलीच पाहिजेत हा हट्ट सोडला की जुना वाद पुष्कळसा मिटतो, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अशाने माणसाच्या डोक्यावर न केलेल्या गोष्टींचा डोंगर उभा राहील. जगात झीज सर्वत्र चालू आहे, मग कशाकशाला पुरे पडायचे? पण अधिकाराची अट हेच तर आवरते. ज्याचा मी अधिकारी नाही त्याचे न करणे मला चिकटत नाही. आणि गाडीच्या बाबतीत अधिकार आपण जाहीरपणे घेतलेला असतो. दसऱ्याला तिला धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून पूजा करतो, तेव्हा ती आपली आहे आणि आपण तिचे पाहू, हे चारचौघांत मान्य करतो. यंत्राला कसला आला धर्म, असे म्हणणाऱ्याने या पूजेकडे जरा आदराने पाहावे. त्या दिवशीचे नाते पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकवायचे असते. दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे : मी दोन दिवसांआड गाडी चालू करून पाच मिनिटांनी बंद करतो, म्हणजे नित्यकर्म झालेच की. नाही झाले. जागेवर मंद फिरणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर थोडीच वीज करतो, तीतली बरीच दिवे आणि एसी खातात, आणि बॅटरीच्या वाट्याला जेमतेम काही उरते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नीट चालवलेली बरी, किंवा जागा असेल तर घरी छोटा मेंटेनर चार्जर लावलेला बरा. नित्यकर्म हे केल्याच्या समाधानासाठी नसते. झीज भरून निघाली की नाही, हीच त्याची कसोटी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्याच परंपरेने कर्म सोडण्याला, निवृत्तीला, फार मोठे स्थान दिले. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म आणि अकर्म यांची गुंतागुंत मांडली आहे, आणि टिळकांनी 'गीतारहस्य' लिहून कर्मयोगाची बाजू घेतली तरी संन्यासाची परंपरा त्याने खोटी ठरली नाही. मग सोडणारा प्रत्येकजण दोषीच का? याचे उत्तर संन्यासाच्या विधीतच आहे. संन्यास घेणारा विरजाहोम करतो, शिखासूत्राचा त्याग करतो, मी हे सोडले असे उच्चारतो. ते सोडणे हेच एक पुरते, जाणीवपूर्वक कर्म असते. तीन महिने परगावी जाणारा माणूस पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवतो, टोक टर्मिनलला लागणार नाही असे बाजूला बांधतो आणि मगच गाडीला कुलूप लावतो, तेव्हा तोही ओढा सोडतो, पण समजून. परत आल्यावर घड्याळ लावावे लागेल, रेडिओचा कोड लागेल, हेही त्याने स्वीकारलेले असते. बॅटरी आतून थोडी उतरेलच, म्हणून जाण्यापूर्वी ती पूर्ण भरलेली असावी. त्याग आणि हेळसांड बाहेरून सारख्याच दिसतात, दोन्हीकडे गाडी उभीच असते, पण एकात सोडणारा हजर असतो आणि दुसऱ्यात नसतो.

एवढे होऊनही बॅटरी उतरली तर? इथे प्रायश्चित्ताचा विचार येतो. पांडुरंग वामन काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त या विषयाला मोठी जागा दिली आहे, आणि त्यातला मूळ वाद असा की प्रायश्चित्ताने पाप नाहीसे होते, की माणूस फक्त पुन्हा व्यवहाराला योग्य होतो. जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या मदतीने इंजिन चालू करणे, हे दुसऱ्या प्रकारचे काम आहे. त्याला क्रम आहे आणि तो पाळायचाच असतो. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे मदतीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळी केबल मदतीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असू शकतो. काढताना उलटा क्रम. गिअरची जुन्या पद्धतीची गाडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून चार जणांनी धक्का मारला आणि वेग आल्यावर क्लच सोडला तरी इंजिन धरते, ऑटोमॅटिकला हा उपाय नाही. इंजिन चालू झाले की माणसाला वाटते, झाले. पण ती शक्ती उसनी होती. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला हळू गतीच्या चार्जरवर कित्येक तास ठेवावे लागते, टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने काढून वर व्हॅसलीन लावावे लागते, आणि तरीही कडक झालेल्या सल्फेटचा काही भाग परत येत नाही. म्हणून मला वाटते, या वादात दोन्ही पक्षांना जागा आहे. व्यवहाराची योग्यता परत मिळते, आणि लवकर केले तर झीजही भरून येते. उशीर झाला की फक्त योग्यता मिळते, तीही कमी दिवसांची.

शेवटी सगळ्याच बॅटऱ्या मरतात, मग एवढा सायास कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या उष्ण हवेत चार-पाच वर्षे चाललेली बॅटरी संपली तर तो दोष नव्हे, ते तिचे आयुष्य होते. वेगळेपण इतकेच की झिजून संपलेली बॅटरी काम करून संपते. पण तिथेही अधिकार संपत नाही. जुन्या बॅटरीच्या वजनाचा मोठा भाग शिसे असतो आणि ते जवळजवळ सगळे पुन्हा वापरता येते. तीच बॅटरी भंगारात गेली आणि कोणी उघड्यावर आम्ल ओतून शिसे वितळवले, तर ते धुरातून आणि मातीतून आजूबाजूच्या मुलांच्या रक्तात जाते, आणि शिशाने मेंदूला झालेली इजा परत भरून निघत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे देणे एवढेच गाडीमालकाच्या हाती उरते. शे-दोनशे रुपये जास्त देणाऱ्या भंगारवाल्याला ती न विकणे हेही न करणेच आहे, पण जाणून केलेले.