प्रमाणपत्र आणि द्वारपाल

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ साली ‘ए टेल ऑफ फोर सिटीज’ हा छोटासा अनुबोधपट केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार महानगरांतील वैभव व दैन्य त्यात शेजारी शेजारी ठेवले होते. सेन्सॉर मंडळाला मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये खटकली आणि केवळ प्रौढांसाठी असलेले ‘ए’ प्रमाणपत्र देऊ करण्यात आले. अब्बासांना ‘यू’ हवे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर सरकारने काटछाटीविना ‘यू’ देण्याची तयारी दर्शविली. तरी अब्बास हटले नाहीत. पूर्वनिरीक्षण हेच मुळात घटनेशी विसंगत आहे, हा मुद्दा त्यांनी धरून ठेवला. १९७० च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने तो अमान्य केला. चित्रपट अन्य कलांपेक्षा भावना अधिक खोलवर ढवळतो, म्हणून त्याचा विचार वेगळा करणे आणि वयानुसार वर्गीकरण करणे योग्यच ठरते, अशी ती भूमिका होती. (मराठी वाचक येथे क्षणभर थबकेल. महाराष्ट्रात नाटकालाही पूर्वपरवानगी लागते, आणि ‘सखाराम बाइंडर’ला त्यापायी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.)

वर्गीकरण हे बंदीहून नैतिकदृष्ट्या निराळे आहे, असे मी पुष्कळ काळ मानत आलो. बंदी प्रौढाचा विवेक नाकारते; वर्गीकरण तो गृहीत धरते आणि बालकाला केवळ थांबायला सांगते. परंतु हे बालकाला दिलेले एक वचन आहे, आणि ते मंडळाच्या कचेरीत नव्हे, तर तिकीटखिडकीपाशी वा दुकानाच्या फळीवर पाळले जाते किंवा मोडले जाते.

ऐंशीच्या दशकात दिल्लीत व्हिडिओ कॅसेटची दुकाने गल्लोगल्ली निघाली. १९८३ साली ‘यूए’ हा मधला वर्ग आला होता. पण कायद्याचा सारा भर सार्वजनिक प्रदर्शनावर, आणि कॅसेट तर घरी जाणार. आमच्या वसाहतीतला दुकानदार वडिलांचे नाव सांगणाऱ्या शाळकरी मुलाच्या हाती कोणतीही कॅसेट ठेवी. पलीकडच्या बाजारातला दुसरा, महाविद्यालयात शिकणाऱ्या, सज्ञान मुलींना मात्र ‘घरातल्या मोठ्यांना पाठवा’ म्हणून परत लावी. चित्रपटगृहाचा द्वारपाल मिसरुडावरून वय ठरवी. प्रत्येक दारापाशी निराळा कायदा होता, आणि तो वयापेक्षा ओळख, लिंग व पेहराव यांवर चालत होता.

प्रौढांना दिलेले वचनही दारापाशीच मोडले. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ला प्रौढांसाठीचे रीतसर प्रमाणपत्र होते. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईपाठोपाठ दिल्लीच्या ‘रीगल’मध्येही जमावाने त्याचा खेळ बंद पाडला आणि सरकारने चित्रपट पुन्हा मंडळाकडे धाडला. त्याआधी १९९६ मध्ये ‘बँडिट क्वीन’चे प्रमाणपत्र दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले, ते त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पुनःस्थापित केले. राज्याने ‘प्रौढाला मुभा आहे’ असे लिहून दिल्यावरही ती मुभा प्रत्यक्षात मिळेलच, याची हमी नव्हती.

मग वर्गीकरणाचा भार खरोखर कोणावर पडतो? विक्रेत्यावर नाही, प्रेक्षकावर तर नाहीच. तो पडतो कर्त्यावर. प्रौढांचा चित्रपट दूरचित्रवाणीवर चालत नाही, म्हणून निर्माता आपणहून कात्री हाती घेतो. चित्रपट बदलून खालचा वर्ग मिळविण्याची ही वाट २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यातच नोंदविली. मंडळाविरुद्ध दाद मागण्याचे अपील न्यायाधिकरण मात्र २०२१ मध्येच मोडीत निघाले होते; आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि छोट्या निर्मात्याला तो खर्च सोसत नाही. अब्बासांसारखा हट्ट धरणारा आज काय करील, असे मनात येते.

त्याच दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा व सोळा वर्षे असे पोटभेद केले आणि त्यांची अंमलबजावणी केवळ पालकांवर सोपविली. म्हणजे द्वारपाल त्या जबाबदारीतून सुटला. आमच्या वसाहतीतल्या त्या मुलाने वडिलांचेच नाव सांगितले होते. वडिलांना कोणी विचारले नव्हते.