पावणेतीन मिलिमीटरचं खोटं

माझ्या रेल्वेत एक खोटं आहे आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आपल्याकडच्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असतं. मी १:८७ या प्रमाणात मॉडेल करतो. म्हणजे माझ्या रुळांमध्ये साधारण सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. पण बाजारात मिळणारा तयार रूळ साडेसोळाचा असतो, कारण तो स्टँडर्ड गेजच्या गाड्यांसाठी बनवलेला असतो. त्यामुळे माझी दख्खनची राणी पावणेतीन मिलिमीटर अरुंद वाटेवरून धावते. बघणाऱ्या शंभरातल्या एकालाही ते कळत नाही.

मला कळतं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. हातात दिवसभर मायक्रोमीटर. शतांशाने चुकलेला पीस लाल क्रेटमध्ये टाकायचा आणि घरी येऊन पावणेतीन मिलिमीटर माफ करायचे, याची सुरुवातीला लाज वाटायची.

मग आयर्लंडच्या रेल्वेची मॉडेल्स करणाऱ्यांबद्दल वाचलं. त्यांचं दुखणं अगदी आपल्यासारखंच. तिथलं गेज १६०० मिलिमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच. त्यांच्या प्रमाणात एक फूट म्हणजे चार मिलिमीटर, त्यामुळे रूळ २१ मिलिमीटरचा हवा. दुकानातला मात्र तोच साडेसोळाचा. बहुतेक जण तो बिनतक्रार वापरतात. काही जण मात्र हट्टाने एकेक स्लीपर मांडून, हाताने रूळ जोडून २१ चा मार्ग तयार करतात. कोणाला दिसणारही नाही अशा साडेचार मिलिमीटरसाठी आयुष्यातले रविवार घालवणारी माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाला आहेत, हे वाचून मला बरं वाटलं.

पण हा लेख गेजबद्दल नाही. माझ्या रेल्वेत त्याहून मोठं खोटं होतं, आणि ते पकडलं आईने.

माझा लेआउट आठ फूट लांब, अडीच फूट रुंद. दापोडी स्टेशन, मुळा नदीवरचा रेल्वेपूल, दोन्ही बाजूंची झाडं. काळ साधारण १९९५ चा. चिंचवडच्या आमच्या सोसायटीत गणपतीला दरवर्षी देखावा असतो. त्या वर्षी पोरं म्हणाली, ‘दादा, तुमची रेल्वे ठेवू या.’ दहा दिवस हॉलमध्ये गर्दी. पोरं बोटं लावायची, म्हातारे आपापल्या पासच्या गोष्टी सांगायचे. आई तिसऱ्या दिवशी आली. कमरेत वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. गाडी दोनदा फिरून आली. मग म्हणाली, “समदं झ्याक केलंस. आपलं घर कुठाय?”

पुलाच्या अलीकडे रुळाच्या कडेला पत्र्याच्या घरांची एक ओळ होती. त्यातल्या एका दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. गाडी गेली की भांडी वाजायची. माझ्या लेआउटवर त्या जागी हिरवं गवत होतं आणि एक गुलमोहर. फार सुंदर जमला होता तो गुलमोहर.

“जागा नव्हती गं,” मी म्हणालो.

हे अगदीच खोटंही नव्हतं. आठ फूट म्हणजे या प्रमाणात जेमतेम २१२ मीटर. बारा डब्यांची लोकलसुद्धा त्यात मावत नाही, म्हणून माझी लोकल चार डब्यांची आणि प्लॅटफॉर्मही तेवढाच. छोटं करायचं म्हणजे गाळावंच लागतं. नकाशा गाळतो, फोटो गाळतो, आठवणसुद्धा गाळते. पण आमची खोली या प्रमाणात जेमतेम साडेतीन सेंटिमीटर चौरस होते. काड्यापेटीहूनही लहान. गुलमोहराला त्याहून जास्त जागा लागली होती.

मग प्रश्न उरतो तो असा: जागा नाही म्हणून गाळलेलं आणि लाज वाटते म्हणून गाळलेलं, यात फरक कसा करायचा? लेआउटवर दोन्ही सारखीच दिसतात. दोन्ही ठिकाणी नुसतं गवत.

कारखान्यात यावर एक साधा इलाज आहे. एखादा लॉट ड्रॉइंगप्रमाणे नसला, तरी तो नेहमी भंगारात जात नाही. डेव्हिएशन नोट लिहितात: हे माप इतक्याने चुकलंय, या कारणाने चुकलंय, चालेल का? कस्टमर बघतो आणि पटलं तर सही करतो. चुकलेला पीस पाठवणं गुन्हा नाही. तो बरोबर आहे असं दाखवून पाठवणं गुन्हा. गेज आणि लोकल यांच्याबद्दल मी कुणालाही, कधीही, हसत सांगितलं असतं. घरांबद्दल सांगितलं नसतं. फरक इथेच कळतो. जे गाळल्याचं आपण मोकळेपणाने सांगू शकतो, ती सोय असते. जे सांगताना जीभ अडखळते, ते दुसरंच काहीतरी असतं.

माझा एक मित्र म्हणतो, तू उगाच डोक्याला त्रास करून घेतोस. छंद आहे हा, जनगणना नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, त्याला कोण हरकत घेतं? मुद्दा खरा आहे. शाळेत असताना मी कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं होतं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, आणि या वेडाची लागण मला तिथेच झाली. त्या शहरात झोपडपट्टी आहे की नाही, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. विचारायचं कारणही नाही. ते कल्पनेतलं गाव आहे, तिथून कोणी हाकललं गेलेलं नाही. पण मी माझ्या स्टेशनवर पिवळी पाटी लावली आणि त्यावर ‘दापोडी’ लिहिलं. खरं नाव लिहिलं की तिथल्या माणसांचं देणं लागतं.

गणपतीनंतर गुलमोहर उपटला. पत्र्यासाठी बिअरच्या कॅनचं ॲल्युमिनियम कापून त्यावर पन्हळ उमटवली, निळ्या कॅरीबॅगची ताडपत्री केली, गंज रंगवला. आई शेजारी बसून तपासणी करायची. “नळ हिकडं नव्हता, तिकडं. दार रुळाकडं नव्हतं रं.” अकरा घरं झाली.

पुढच्या वर्षी लोक वाकून बघायला लागले आणि म्हणाले, “अय्या, किती गोड!”

याचा मी विचारच केला नव्हता. छोटी केलेली प्रत्येक गोष्ट गोड होते. १:८७ मध्ये गटाराला वास येत नाही, पत्रा तापत नाही, पहाटे डबा घेऊन रुळाकडे जाणाऱ्या बाईला कोणी बघत नाही. घरं गाळली तेव्हा ती नव्हतीच असं झालं. मांडली तर ती शोभेची झाली. खरं सांगायला बसलो तरी प्रमाणच खोटं बोलतं.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “दोरी दाव की मग.”

धाकटा भाऊ रांगायला लागला तेव्हा रूळ दारापासून वीस पावलांवर होता. आई धुणं-भांडी करायला जाताना साडीच्या काठाची दोरी करून त्याचा पाय खाटेला बांधायची. मी शाळेतून आलो की सोडायचो. १:८७ मध्ये ती दोरी केसाएवढी होते. मी एका घराचं छप्पर अर्धं उघडं ठेवलं, आत खाट ठेवली, खाटेच्या पायाला लाल धागा बांधला आणि त्याचं दुसरं टोक आठ मिलिमीटरच्या एका बाळाच्या पायाला. बहुतेकांना ते दिसत नाही. दिसतं ते विचारतात, आणि सांगितलं की त्यांचं ‘गोड’ तिथेच थांबतं.

मला वाटलं, जमलं.

मग भाऊ आला. तोही आता चाकणलाच आहे, माझ्यापेक्षा चांगल्या हुद्द्यावर. त्याने खाट पाहिली, बराच वेळ काही बोलला नाही. बाहेर येऊन म्हणाला, “दादा, माझ्या ऑफिसातली माणसं येतात इथं. तुझं खरं तू मांड. माझा पाय कशाला?”

मी म्हणालो, “नाव कुठं लिहिलंय?”

“पाटी आहे ना.”

त्याचं बरोबर आहे. ते घर माझं आहे, आईचं आहे, तसंच त्याचंही आहे. आणि त्याच्या मते गुलमोहर चांगला होता. आईने नळाची जागा सांगून, दोरी मागून सही केली. मी केली. त्याची सही नाही.

धागा अजून तिथेच आहे. गणपतीला दोन महिने आहेत. येत्या रविवारी तो जेवायला येणार आहे, तेव्हा लेआउट हॉलमध्ये काढून ठेवणार आहे. छप्पर सुटं करून ठेवलंय. लावायचं की नाही, ते त्याने ठरवावं.