हंगामी मजूर आणि त्याचें वचन

करार हें एक वचन आहे आणि दिलेलें वचन पाळणें हा मनुष्याचा धर्म आहे, याविषयीं आमचा कोणाशींच वाद नाहीं. परंतु ज्यास वचन मोडण्याची वाटच ठेविलेली नाहीं, त्यानें तें पाळलें म्हणून त्यास सत्यवचनी म्हणावें काय? कॅनडांतील हंगामी शेतमजुरांची व्यवस्था पाहतां हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

१९६६ सालीं जमेकांतील मजूर ऑन्टॅरिओ प्रांतांतील शेतांवर नेण्यास आरंभ झाला. १९७४ सालीं मेक्सिको त्यांत सामील झाला. मजुरानें वर्षांतून फार तर आठ महिने राहावें, टोमॅटो, सफरचंदें, तंबाखू यांचें काम करावें आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत स्वदेशीं परतावें. मालकानें त्यास जागा द्यावी व ठरलेलें वेतन द्यावें. कागदावर हें सर्व सरळ दिसतें. मेख आहे ती परवान्यांत. मालकाच्या संमतीवांचून व सरकारी अनुज्ञेवांचून मजुरास दुसऱ्या शेतावर जातां येत नाहीं. नोकरी सुटली कीं बहुधा देशही सुटतो.

मालकाची बाजू आम्ही हलकी लेखीत नाहीं. त्यानें माणूस दुरून आणविला, त्याच्यासाठीं खोल्या बांधिल्या. पीक तयार असतां तो निघून गेला तर वेलीवरचें फळ त्याच्यासाठीं थांबत नाहीं. शेजारीं चार पैसे अधिक मिळतात एवढ्यानें मजुराचें कर्तव्य सुटत नाहीं. पण नुकसान झालें तर त्याची भरपाई पैशांत मागावी. देशी मजूर सोडून गेला तर मालक याहून अधिक काय करूं शकतो? परदेशी मजुरास मात्र देशाबाहेर जावें लागतें. म्हणजे राजसत्तेनें आपली सरहद्दच एका शेतमालकास उसनी दिली! वचनभंगास इतकी शिक्षा आमच्या मतें कोणत्याही न्यायांत बसत नाहीं.

तो आपखुषीनें आला, असें यावर सांगण्यांत येतें. आला, हें खरें. हेंच उत्तर गिरमिटियांविषयींही देत असत. १९१२ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत गिरमिटाची भरती बंद करण्याचा ठराव आणिला, तेव्हां न निवडलेल्या मालकाशीं बांधलें जाणें व मुदत संपेपर्यंत करार सोडतां न येणें, या अटींवर त्यांनीं बोट ठेविलें. ठराव नापास झाला. भरती पुढें १९१७ सालीं थांबली. कॅनडांतील मजुरास काम सोडल्याबद्दल कोणी तुरुंगांत टाकीत नाहीं, म्हणून ही तुलना फार ताणूं नये. गोखल्यांचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे.

याहून सूक्ष्म बंधन निराळेंच आहे. पुढील हंगामासाठीं मालक मजुरास नांवानें बोलावूं शकतो. ज्याचें नांव यादींत आलें नाहीं, त्यास कोणीं काढून टाकलें असें म्हणतां येत नाहीं. त्यास केवळ बोलावणें आलें नाहीं. मग खोली गळते, औषध फवारतांना हातमोजे मिळत नाहींत, हें बोलावें कोणीं? हक्क कायद्यांत राहतो आणि तोंड बंद राहतें.

२०१९ सालीं छळ सोसणाऱ्या मजुरास मोकळा परवाना मागण्याची सोय झाली, हें योग्यच झालें. परंतु आपला छळ होतो अगर होण्याचा संभव आहे, याचा पुरावा त्यानेंच आणावयाचा. तोही बहुधा मालकाच्याच आवारांत राहून, आणि मेक्सिकोचा असल्यास परक्या भाषेंत. शिवाय सज्जन मालकाकडे असूनही ज्यास नुसतें दुसरीकडे जावेंसें वाटतें, त्याची सोय यांत नाहींच. आमच्या मतें खरा प्रश्न त्याचाच आहे.

‘तात्पुरता’ हा शब्दही आम्हांस खटकतो. वर्षानुवर्षें त्याच शेतावर येणारे मजूर थोडे नाहींत. त्यांच्या वेतनांतून बेकारीच्या विम्याचा हप्ता कापला जातो. पण हंगाम संपतांच देश सोडावा लागत असल्यानें बेकारीचा नेहमींचा भत्ता त्यांच्या हातीं सहसा पडत नाहीं. आठ महिने तेथें, चार महिने घरीं. आपलीं मुलें त्यांनीं हिंवाळ्या-हिंवाळ्यांतून वाढतांना पाहिलीं. विसाव्या हंगामासही परवाना नव्यानेंच काढावा लागतो.